सुतकाच्या दारावरून

"काका, न्हाई म्हणू नका. हरिओमसाठी हे," असं म्हणत कल्याणने शर्टाच्या खिशातून सुपारी काढली आणि अप्पाराव मास्तरांच्या हातावर ठेवली.

मास्तरांनी मूठ मिटली आणि चूक झाली ती तिथेच.

बँडवाल्याच्या धंद्यात मिटलेली मूठ म्हणजे दिलेला शब्द. मग अंगात ताप असो की घरात पाहुणे, वाजवायला जायचं म्हणजे जायचं. म्हणून मूठ मिटण्याआधी मास्तर एक प्रश्न हमखास विचारत: निघायचं कुठून आणि जायचं कुठून? चाळीस वर्षांत हा प्रश्न न विचारता त्यांनी एकही सुपारी घेतली नव्हती. कारण साधं होतं. वाटेत कुणाचं घर सुतकात असेल तर त्या दारावरून वाजवत जायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. घर यायच्या आत वाद्यं खाली घ्यायची, वरातीने मुकाट्याने चालायचं, घर मागे पडलं की पुन्हा सुरू. नवरदेवाच्या मंडळींना हे रुचत नाही, एखादा दारू घेतलेला गडी अंगावरही धावून येतो. तेव्हा वाट आधीच ठरवलेली बरी.

पण आज हरिओमचं नाव निघालं आणि तो एवढासा प्रश्न राहूनच गेला.

"रविवारी संध्याकाळी विजय फेरी काढून राह्यलो," कल्याण सांगू लागला. सडपातळ, दाढी राखलेला, बोलताना हात फार हलवणारा हा तरुण मूळचा हसनाबादचा, पण जालन्यात वाढलेला. हरिओमचा शाळेपासूनचा दोस्त. आता इथल्याच एका पुढाऱ्याच्या हाताखाली काम करायचा आणि त्याच्या एका हाकेला शंभर मोटारसायकली निघायच्या. "शे-दोनशे गाड्या, झेंडे, गावाकडून रामरावकाका बी येणार. अन् शेवटी थेट काकूच्या दारात. वीरमातेचा सत्कार तिच्या उंबऱ्यावर. डीजेची गाडी तुमच्या गल्लीत शिरत न्हाई ना, म्हणून तुमचा बँड."

मास्तरांना मूठ उघडावीशी वाटली. पण सुपारी आत होती.

काकू म्हणजे दैवशाला. हरिओमची आई. सीमेवर तोफा चालू होत्या तेव्हा हरिओम गेला, आणि दोनच दिवसांनी दोन्हीकडच्या तोफा थांबल्या. दैवशालाचं घर मास्तरांच्या घरापासून चार दारं सोडून, त्याच गल्लीत.

या गल्लीविषयी थोडं सांगितलंच पाहिजे. गुलबहार टॉकीज चालू होती त्या काळात पडद्यावरच्या नट्यांची मोठमोठी चित्रं रंगवणारे पेंटर टॉकीजच्या मागे राहत. टॉकीज बंद पडली, पेंटर तिथेच राहिले. भाडं कमी, म्हणून त्यांच्या शेजारी बँडवाले आले, कव्वाल आले, नाटकवाले आले. बँकेतली नोकरी सोडून लाकडाचे घोडे कोरत बसलेला एक गृहस्थ आला. एका डॉक्टरची मुलगी एका तबलजीबरोबर लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता राहायला आली, आणि गल्लीने तिला फक्त एवढंच विचारलं की पाणी सकाळी येतं, उठवू का? गावातली सभ्य माणसं या गल्लीचं नाव काढलं की नाक मुरडत. घरात लग्न निघालं की मात्र पाय आपोआप तिकडे वळत.

भांडणाचं या गल्लीला वावडं नव्हतं. नळावर, पत्त्यांवर, कुणाचा आलाप बेसूर लागला यावर रोज खणाखणी. पण युद्ध म्हटलं की गल्ली एक. देशाने अणुचाचणी केली तेव्हा गावात पेढे वाटले गेले आणि इकडे टॉकीजच्या पायऱ्यांवर बॉम्बच्या विरोधात सभा भरली. शिवाजी पेंटरने टॉकीजच्या मागच्या भिंतीवर एक भलामोठा बॉम्ब काढला आणि तो अंडं समजून उबवत बसलेली एक कोंबडी. त्या रात्री गल्लीवर दगड पडले. कोंबडी अजून आहे, एका डोळ्याचा रंग तेवढा उडालाय. तेव्हापासून जगात कुठेही युद्ध पेटलं की टॉकीजच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या लागत, बँडमधले मुनीरमामू दोन शेर म्हणत, आणि गाव म्हणे, यांना दुसरं काम नाही.

आणि याच गल्लीने हरिओमला फौजेत पाठवलं. दैवशालाचा नवरा विहिरीचं काम करताना गेला, तेव्हा कडेवरच्या पोराला घेऊन ती हसनाबादहून जालन्यात आली. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. या गल्लीने दिली. तिने खानावळ घातली आणि अख्ख्या गल्लीच्या कलावंतांना वेळेवर जेवायची सवय लावली, जे त्यांच्या आयांनाही जमलं नव्हतं. हरिओम मोठा झाला आणि म्हणाला, मी भरतीला जाणार. शिवाजी पेंटर त्याला रात्री युद्ध किती वाईट हे घसा फोडून सांगे आणि पहाटे त्याच्या मागे लुना घेऊन एमआयडीसीच्या रस्त्यावर निघे, पोरगा किती दमात पळतो ते बघायला. मुनीरमामू त्याच्यासाठी दूध राखून ठेवत. तो नोकरीवर निघाला त्या दिवशी मास्तरांनी रेल्वे स्टेशनपर्यंत फुकट बँड वाजवला होता. आता विचारलं तर कुणालाच या दोन गोष्टींची सांगड घालता येत नाही. पोरगं आपलं होतं, एवढंच.

घरी आल्यावर मास्तरांनी सुपारी देवळीत ठेवली. कांताबाईंनी ती पाहिली.

"कुठली?"

मास्तरांनी सांगितलं. कांताबाईंनी हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं. "वाट इचारली व्हती का?"

"न्हाई."

"चाळीस वर्सं दुसऱ्याच्या दारात वाजवलं, पण तुमच्या डोक्यात काही वाजलं न्हाई," कांताबाई म्हणाल्या. मास्तरांवर त्या रोजच रागावत, पण आजच्या रागात भीती होती. "त्या माउलीच्या दारात ट्रम्पेट फुंकणार तुम्ही? अजून तेरावं व्हायचं तिच्या लेकराचं."

आतल्या खोलीतून पायल बाहेर आली. मास्तरांची धाकटी. कॉलेज संपवून गल्लीतल्या नाटकवाल्यांत रमलेली, आणि यंदा पायऱ्यांवरच्या सभेचं सगळं तिनेच अंगावर घेतलेलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, त्याच दिवशी आमची सभा आहे. युद्धाच्या विरोधात. तुम्ही त्यांच्याकडून वाजवत येणार आणि मी समोर पायऱ्यांवर बसलेली असणार. असं दिसणार ते."

"सुपारी घेतली बेटा."

"मग परत करा."

"सुपारी परत करत न्हाईत," मास्तर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. पायल आत निघून गेली आणि दार जरा जोरातच लागलं.

तिने दारामागे ठेवलेली पाटी तेवढ्यात मास्तरांना दिसली. पाटीवर हरिओमचा फोटो, काळी चौकट आणि खाली लिहिलेलं: 'आणखी किती?' दुपारी कल्याणच्या गाडीवर जो फलक होता त्यावरही हाच फोटो होता, फक्त मागे झेंडा आणि खाली 'अमर'. दोन्ही एकाच फ्लेक्सवाल्याकडून आलेले. फ्लेक्सवाल्याला काय, त्याने पार्श्वभूमी बदलून दिली.

संध्याकाळी मास्तर आणि कांताबाई भाकरी-पिठलं घेऊन दैवशालाकडे गेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजार जेवू घालतो. गावाकडे हे काम भाऊबंदांचं. इथे ती गावाहून परतल्या दिवसापासून ते कांताबाई करत होत्या आणि तिला पोचवायला आलेल्या नणंदेने त्यावर भुवई उंचावली होती. दैवशालाने नणंदेकडे बघितलंसुद्धा नव्हतं. त्या घासावर ती जगत होती.

खोलीत खानावळीची मोठी पातेली पालथी घातलेली. दैवशाला भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला तेल नाही, कपाळ मोकळं. ती आधीपासूनच कमी बोलायची. आज बोलली.

"गावात बसले व्हते मास्तर. तर दारात मांडव, खुर्च्या. ज्यो येई त्यो फोटो काढी. मला रडायला आडोसा घावला न्हाई. म्हणून रक्षा झाल्यावर इकडं निघून आले. दहाव्याला जाईन परत. तवर म्हनलं गल्लीत गपचिप बसता येईल."

कांताबाईंनी तिच्यासमोर ताट सरकवलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"आता इकडं बी येऊन राह्यले. कल्याण म्हनतो, काकू, शाल पांघरायची तुला, वाजतगाजत येतो. लहानपणी माझ्याच हातचं खाल्लं त्यानं, त्याच्या मनात वाईट न्हाई. अन् सकाळी पायल आल्ती. तीबी गुणाची लेक हे. म्हनली, मावशी, पायऱ्यावर आमच्यासंगं नुसत्या बसा, काही बोलू नका." तिने मास्तरांकडे पाहिलं. "एक म्हनतो तुझा लेक जिंकला. एक म्हनते तुझा लेक फुकट गेला. मला दोन्ही ऐकवंना मास्तर. मला कुनाच्याच बाजूला बसायचं न्हाई. मला माझ्या लेकाचं तेरावं होईस्तोवर गप बसायचं हे."

आपली पोरगीही या बाईच्या उंबऱ्यावर येऊन गेली, हे मास्तरांना आत्ता कळत होतं.

"तुमी सुपारी घेतली म्हनं," दैवशाला म्हणाली.

"घेतली."

"मंग वाजवा. तुमचा धंदा हे, तुमाला न्हाई म्हनता येत न्हाई, मला समजतं. मी दार लावून घेईन. कानात बोळे घालीन."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं, टोमणा म्हणून नाही. म्हणूनच ते मास्तरांना जास्त लागलं. पण लागलं तसं डोकंही ठिकाणावर आलं. दुपारपासून ते आपल्या चुकीवर चडफडत बसले होते; आता काय करायचं ते त्यांना दिसू लागलं.

"बोळे लागणार न्हाईत, दैवशालाबाई," ते म्हणाले आणि उठले. "जेवा तुम्ही."

शनिवारी सकाळी ते कल्याणच्या कार्यालयात गेले. चार पोरं झेंड्यांना काठ्या लावत होती. मास्तरांनी आधी सरळ मार्गाने बोलून पाहिलं.

"कल्याण, फेरी बाहेरच्या रस्त्यानं ने. टॉकीजपासून वळव. गल्लीत आणू नको. घर सुतकात हे."

"काका, शहिदाला सुतक नसतं. शहीद अमर असतो," कल्याण म्हणाला. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती, कितीतरी दिवसांची. "मला त्याच्यासाठी काहीतरी करू द्या. मी न्हाई गेलो ना भरतीला. दोघांनी जायचं ठरलं व्हतं. मी छातीच्या मापात कमी पडलो. आता एवढं बी नको करू का?"

मास्तरांना त्याची दया आली. रडायचं सोडून पोरगं फेऱ्या काढत सुटलंय, असं त्यांच्या मनात आलं.

"अन् मी वाजवलं न्हाई तर?"

"तर अंबडचा बँड बोलावतो. त्यांनी होय म्हनलं हे. पण मला तुमचाच पाहिजे."

अंबडचा बँड मास्तरांना चांगला ठाऊक होता. नवीन पोरं, मोठे कर्णे, आणि रिवाज कशाशी खातात याचा पत्ता नाही. दैवशालाच्या दारात जाऊन ते तासभर धिंगाणा घालतील. आपण सुपारी परत केली तर आपले हात धुतले जातील, पायल खूश होईल, आणि बोळे दैवशालाच्या कानात जातील.

"अंबडवाल्याला कळव, यायची गरज न्हाई," मास्तर म्हणाले. "सुपारी माझी हे. उद्या तुझ्या फेरीत बँड माझाच."

त्यांनी तेवढंच सांगितलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. घरी येऊन त्यांनी बँडच्या माणसांना बोलावलं, काय करायचं ते समजावलं. ढोल वाजवणारे मुनीरमामू सगळ्यांत वयस्कर, ते फक्त म्हणाले, "मास्तर, मार पडंल."

"पडंल तर पडंल. लग्नात काय कमी खाल्ला का?"

रविवारी बँड नटला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पांढरे पट्टे, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या. कुण्या जुन्या फौजेच्या गणवेशावरून कधीतरी कुणीतरी शिवून घेतलेले हे कोट. पायल दारात उभी होती. बापाला या वेषात तिने जन्मापासून पाहिलं होतं, पण आज तिने तोंड फिरवलं. मास्तरांना तिला सांगावंसं वाटलं. पण तिला सांगितलं की पायऱ्यांवर सगळ्यांना कळणार आणि ते आधीच टाळ्या वाजवत बसणार. ते तसेच निघाले.

फेरी दणक्यात निघाली. मास्तरांनी हात राखला नाही. शब्द दिला होता तर बाजारपेठेतून, चौकातून असं वाजवलं की दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले. मोटारसायकली कर्कश आवाज करत होत्या, पोरं झेंडे फिरवत होती, कल्याणचा घसा घोषणा देऊन बसला होता. उघड्या जीपमध्ये हरिओमचे चुलते रामराव बसले होते. डोक्यावर कुणीतरी भगवा फेटा बांधून दिलेला, गालावर वाढलेले पांढरे खुंट, आणि दोन्ही हातांनी जीपचा गज घट्ट धरलेला. त्यांना पाहून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस कुठेतरी चुकून आलाय.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फेरी गुलबहार टॉकीजपाशी पोहोचली. एका बाजूला पायऱ्यांवर पायल, शिवाजी पेंटर आणि गल्लीतली वीस-पंचवीस माणसं पाट्या घेऊन बसलेली. मध्ये पोलिसांची एक गाडी. समोर गल्लीचं तोंड. फेरीतल्या पोरांनी पायऱ्यांकडे बघून घोषणांचा जोर वाढवला. पायऱ्यांवरून कुणी उत्तर दिलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर थांबले. त्यांनी ट्रम्पेट तोंडापासून काढला आणि उजवा हात वर करून मूठ मिटली.

बँड जिथल्या तिथे बंद पडला. इतका एकदम की मागच्या मोटारसायकलींनाही आपलाच आवाज लाजिरवाणा वाटला असावा. एकेक करत त्या थांबल्या.

कल्याण पुढे धावत आला. "काय झालं काका? वाजवा ना. दार आलं."

"दार आलं म्हणूनच," मास्तर म्हणाले. ते रोज बोलत तसेच बोलत होते, पण टॉकीजसमोर सगळ्यांना ऐकू जात होतं. "सुतकाच्या दारावरून आम्ही वाजवत न्हाई. पाटलाची वरात असली तरी न्हाई, आमदाराची असली तरी न्हाई. तुझी बी न्हाई."

"ही काय वरात हे का?"

"न्हाई. मंग तर जास्तच."

"मी सांगितलं ना तुम्हाला, शहिदाला..."

"शहीद अमर असन कल्याण, मी कुठं न्हाई म्हनतो. पण दैवशालाबाईचा लेक गेला. तिनं चूल पेटवली न्हाई. डोक्याला तेल लावलं न्हाई. शेजारच्या भाकरीवर हे ती. तिला सुतक हे."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "गद्दार हे म्हातारं, हाणा त्याला." दोन पोरं पुढे सरसावली. बँडच्या माणसांनी मास्तरांभोवती लाल कोटांचं कडं केलं. पोलीस गाडीतून उतरले. आणि मास्तर, खरं सांगायचं तर, आतून घाबरलेलेच होते. पण चाळीस वर्षं दारुड्या वऱ्हाड्यांसमोर उभं राहायची सवय अशा वेळी कामाला येते. ते जागचे हलले नाहीत.

त्या गोंधळात जीपमधून रामराव खाली उतरले. कुणी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. ते गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि कल्याणसमोर उभे राहून त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला. नीट घडी घातली. कल्याणच्या हातावर ठेवली.

"मी म्हनलं व्हतं तुमाला, मला सुतक हे, मला फेटा चालत न्हाई," ते म्हणाले. "तुमी ऐकलं न्हाई, बांधलाच. मी जीपमंदी बसून राह्यलो. पण बँडवाला बराबर बोलून राह्यला. माझ्या भावाचा लेक व्हता तो. मलाबी अजून दहावा करायचा हे त्याचा."

फेऱ्या, फलक, झेंडे यांच्यात जे आठवड्याभरात कुणाला सुचलं नव्हतं, ते त्या उघड्या डोक्याच्या म्हाताऱ्याकडे पाहून एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. फेरीत बरेचसे शेतकऱ्यांच्या घरचेच होते. सुतक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मागे कुणीतरी चप्पल काढली. मग आणखी कुणी. झेंड्याच्या काठ्या हळूहळू खांद्यावरून खाली आल्या.

आणि पायऱ्यांवर टाळ्या वाजल्या.

"वा मास्तर," शिवाजी पेंटर उठून म्हणाला. पायलचा चेहरा उजळला होता, तिने पाटी उंच धरली होती आणि गल्लीतली पोरं घोषणा सुरू करणार इतक्यात मास्तर तिकडे वळले. त्यांनी तोच हात, तशीच मूठ, पुन्हा वर केली.

"तुम्ही बी गप," ते म्हणाले. "सुतक इकडून बी हे."

"बाबा, आम्ही तर तेच म्हणतोय..."

"पायल, ती पाटी खाली ठेव. फोटो लावताना त्याच्या मायला इचारलं व्हतं का तू?"

पायलला विचारायचं सुचलंच नव्हतं. तिने पाटी फिरवून पायरीवर पालथी ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. शिवाजी पेंटर हळूच खाली बसला.

कल्याण फेट्याची घडी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याच्या पाठीमागे शेकडो माणसं होती आणि तो एकदम एकटा दिसत होता.

मास्तर त्याच्या जवळ गेले. "तुला कोनी आडवलं न्हाई," ते म्हणाले, या वेळी फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. "जा की. बूट काढ अन् एकटा जा. पाच वर्साचा व्हतास तव्हा जायचा, तसा."

कल्याणने फेटा मागच्या पोराकडे दिला. बूट काढले. शाल, नारळ, सन्मानचिन्ह जीपमध्येच राहिलं. तो गल्लीत शिरला आणि तेवढीशी वाट तो इतका अडखळत चालला की बघणाऱ्यांना वाटलं, हा आता मागे फिरतो. तो फिरला नाही. दैवशालाच्या दारासमोर जाऊन त्याने कडीला हात लावला. दार आतून लावलेलं नव्हतं.

तो आत गेला. मग आतून रडणं ऐकू आलं. मोठ्या माणसाचं, आवरता न येणारं, लहान पोरासारखं हुंदके देत. मधेच दैवशालाचा बारीक आवाज आला, "रड रे राजा. तुझा दोस्त व्हता," आणि मग तिचाही बांध फुटला. इतके दिवस तिला आडोसा सापडत नव्हता. आता बाहेर अख्खं गाव उभं असताना तो सापडला.

कुणी हललं नाही. फेरीवाले रस्त्यावर, गल्लीवाले पायऱ्यांवर, मध्ये पोलीस. कांताबाई आपल्या दारातून बाहेर आल्या, पायरीवर पायलच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

थोड्या वेळाने बँडमधल्या एकाने मास्तरांना हळूच विचारलं, "घर मागं टाकून पलीकडून सुरू करायचं का? रिवाज तर तसाच हे."

मास्तरांनी गल्लीकडे पाहिलं. हरिओमसाठी दूध राखून ठेवणाऱ्याचं दार, लुनावाल्याचं दार, त्यांचं स्वतःचं दार.

"सुतक नसलेलं घर कुठून सुरू होतं ते सांग," ते म्हणाले. "तिथून वाजवू."

त्याने आपलं वाद्य काखेत घेतलं. संध्याकाळचा वारा सुटला होता. त्या वाऱ्याने मोठ्या ढोलाचं ताणलेलं चामडं आपोआप घुमायला लागलं, अगदी बारीक. मुनीरमामूंनी काठ्या खिशात घातल्या, ढोल छातीशी घेतला आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पंजा पसरून दाबून धरला. आतलं रडणं थांबेपर्यंत ते तसेच उभे होते.